खाणीशेजारचं पाणी: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं चंद्रपूर आणि यवतमाळच्या कोळसापट्ट्यातली आहेत, एक गोव्यातलं आहे. प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

गावाच्या वरच्या अंगाला उघडी कोळसा खाण आहे. तिथलं पाणी उपसून आमच्या नाल्यात सोडतात. ग्रामपंचायतीने टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर घेतला, तो ६२० दाखवतो. खाणीचे साहेब म्हणतात, २००० पर्यंत चालतं. खरं काय समजायचं?
— वाचक, राजुरा तालुका

तुम्ही आणि साहेब, दोघंही पिण्याच्या पाण्याचा निकष लावताय. भारतीय मानक १०५०० प्रमाणे टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा. म्हणजे '२००० चालतं' हे अर्धंच वाक्य झालं. नाल्यात सोडायच्या पाण्याला मात्र वेगळा निकष आहे. कोळसा खाणींसाठी तो पर्यावरण संरक्षण नियमांत २००० साली आला: पीएच ५.५ ते ९, तरंगता गाळ १०० मिलिग्रॅम, तेल व ग्रीस १०, सीओडी (पाण्यातल्या घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) २५० आणि नायट्रेट नायट्रोजन १० मिलिग्रॅम प्रति लिटर. त्यात टीडीएस नाहीच. त्यामुळे टीडीएसवर कितीही वाद घातला तरी हाती काही लागत नाही.

कोळशाच्या पाण्यात बघायचं ते सल्फेट, कठीणपणा, नायट्रेट आणि गाळ. कोळशात आणि वरच्या मातीच्या ढिगाऱ्यांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतं. हवा-पाणी लागलं की त्यातून आम्ल सुटतं. जिथे खडकात चुना आहे तिथे हे आम्ल जागच्या जागी मारलं जातं. पीएच सात-आठच दिसतो आणि पाणी चांगलं असल्याचा समज होतो. पण सल्फेट आणि कठीणपणा वाढलेला असतो. पिण्याच्या पाण्यात सल्फेट २०० पर्यंत असावं (पर्याय नसेल तर ४००), कठीणपणा २०० (पर्याय नसेल तर ६००).

नायट्रेट येतं ते सुरुंगाच्या दारूतल्या अमोनियम नायट्रेटमधून. इथे अहवाल वाचताना हमखास घोटाळा होतो. खाणीच्या निकषातले १० हे 'नायट्रोजन' म्हणून मोजलेले आहेत, पिण्याच्या पाण्यातले ४५ हे 'नायट्रेट' म्हणून. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं, म्हणजे दोन्ही मर्यादा जवळपास एकच. खाणीच्या अहवालात ९ आणि गावाच्या अहवालात ४० असेल, तर दोघांनी एकच पाणी मोजलंय. शेतातल्या युरियाने आणि गोठ्यानेही नायट्रेट वाढतं, तेव्हा खाणीच्या वरच्या बाजूचा नमुना असल्याशिवाय बोट दाखवू नका. फ्लोराइडचंही तसंच. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत ते खडकातूनच येतं.

मीटर टाकू नका, त्याचा उपयोग आहे. रोज एकाच जागी, एकाच वेळी आकडा लिहा. ६२० हा आकडा एकटा काही सांगत नाही. महिनाभर ६२० असलेलं पाणी एका रात्रीत ११०० झालं, तर त्या दिवशी प्रयोगशाळेसाठी नमुना भरायचा, एवढं मीटर सांगतो. दर महिन्याला तो १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात तपासून घ्या. नाहीतर मीटरच घसरलाय की पाणी बिघडलंय हे कळणार नाही.

आम्ही वर्गणी काढून खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासलं. अहवालात लोह भरपूर आलं. कंपनीने तो अहवाल उडवून लावला. आमचं काय चुकलं?
— ग्रामपंचायत सदस्य, वणी तालुका

तुमच्या पत्रावरून दोन गोष्टी दिसतात. नमुना पावसाळ्यात, गढूळ पाण्याचा घेतला होता, आणि बाटलीत आम्ल आधीच होतं. गढूळ पाण्यात आम्ल पडलं की मातीला चिकटलेलं लोह सुटून पाण्यात उतरतं आणि आकडा फुगतो. विरघळलेले धातू मोजायचे असतील तर पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, मग आम्ल घालायचं. एकूण धातू मोजायचे असतील तर गाळू नका, पण अहवालावर 'एकूण' असं लिहून घ्या. कंपनीने बोट ठेवलं असेल तर इथेच.

आता नीट पद्धत. जागा निदान पाच हव्यात: पाणी सोडतात त्याच्या वरचा नाला, सोडण्याचं तोंड, खालचा नाला, खाणीजवळची विहीर आणि खाणीचा संबंध पोचणार नाही अशी लांबची विहीर. ही पाचवी जागा लोक गाळतात, आणि तिच्यावाचून बाकीच्या चारांचा अर्थ लागत नाही. खालच्या नाल्यात दोन्ही काठांवर मीटर लावून बघा. आकडे सारखे आले तरच पाणी नीट मिसळलंय. नाहीतर आणखी खाली, एखादं वळण ओलांडून जा.

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. मात्र आम्ल घातलेली आणि जंतुतपासणीची बाटली कधीच विसळायची नाही. प्रवाहाकडे तोंड करून, तळाचा गाळ न ढवळता भरा. बोअरवेल असेल तर पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या, मीटर स्थिर झाला की भरा. धातू मोजायच्या नमुन्याच्या बाटलीत लिटरला दीड-दोन मिली नायट्रिक आम्ल लागतं, ते प्रयोगशाळेकडूनच घालून आणा; विरघळलेले धातू मोजायचे असतील तर तिच्यात गाळलेलं पाणीच भरा. पीएच आणि तापमान जागेवरच मोजा, कारण बाटलीत पीएच बदलतो. लेबल पेन्सिलीने लिहा, बर्फाच्या पेटीत पेनची शाई धुऊन जाते. बाटल्या बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. दर दहा नमुन्यांमागे एका जागेच्या दोन बाटल्या वेगळ्या क्रमांकाने द्या. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर प्रयोगशाळेला जाब विचारता येतो.

प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे, एवढ्यावर थांबू नका. मान्यता प्रत्येक घटकाला वेगळी असते, त्यामुळे मान्यतेच्या यादीत सल्फेट आहे का, मँगनीज आहे का, ते बघा. अहवाल आला की धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये जुळते का, हे गावातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर तो अहवाल पुढे करू नका.

सगळं बरोबर केलं तरी एक मर्यादा राहते. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद केलेला नमुनाच त्या कायद्याखालच्या कारवाईत पुरावा म्हणून चालतो. तुमचा अहवाल मंडळाला जागेवर आणण्यासाठी आहे. अर्जात तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश आणि आकडे द्या. 'संयुक्त नमुना घ्या आणि एक सीलबंद भाग ग्रामपंचायतीला द्या' अशी स्पष्ट मागणी करा.

निवळण तळं बांधलंय, तरी पावसाळ्यात नाला चहासारखा वाहतो. असं का?
— वाचक, भद्रावती तालुका

कारण तळ्याचा आकार पंपाला पुरेल असा धरलेला असतो, पावसाला नाही. हिशेब साधा आहे. १० मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला सुमारे तीन तास घेतो. ताशी २०० घनमीटर पाणी येत असेल, तर तेवढा कण पकडायला तळ्याचा पृष्ठभाग कागदावर सव्वासहाशे चौरस मीटर लागतो, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट. दोन मायक्रॉनची चिकणमाती पंचवीसपट सावकाश बसते, एका मीटरला तीन दिवसांहून जास्त. ती नुसत्या तळ्यात बसत नाही. तिला तुरटी किंवा पॉलिमर लागतं.

पंप दिवसभर चालला तरी ४,८०० घनमीटर पाणी देतो. १०० हेक्टर उघड्या जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० घनमीटर पाणी उतरतं. निम्मं मुरलं तरी २५,००० उरतं. म्हणूनच बाहेरचं पाणी खाणीत आणि ढिगाऱ्यांवर येऊच न देणारी चर आणि ढिगाऱ्याच्या पायथ्याची भिंत तळ्याइतकीच महत्त्वाची.

जागेवर जाल तेव्हा हे बघा: तळ्याचं आत येणारं आणि बाहेर जाणारं तोंड जवळजवळ तर नाही? तसं असेल तर पाणी कडेकडेनेच निघून जातं. मे संपायच्या आत गाळ काढला का? काढलेला गाळ बांधावरच टाकलाय का? तो पहिल्याच सरीत परत आत येतो. तळ्यात खुणा केलेला खांब रोवायला सांगा, म्हणजे गाळ किती साचलाय ते काठावरूनच दिसेल. बाहेर पडणाऱ्या पाण्याची पारदर्शक लिटरभर बाटली भरून दिवसभर न हलवता ठेवा. तळाशी थर बसून वर पाणी नितळ झालं तर तळं अपुरं आहे. दिवसानंतरही दुधाळच राहिलं तर चिकणमाती आहे, आणि तळं मोठं करून उपयोग नाही. मागणी काय करायची, हे या बाटलीवरून ठरवा.

खाणीचं पाणी शेताला फुकट देतात. घ्यावं का?
— शेतकरी, वरोरा तालुका

काळ्या जमिनीत टीडीएसपेक्षा सोडियम घातक. तपासणीत एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त उरणारं कार्बोनेट-बायकार्बोनेट) मागा. एसएआर १० च्या वर किंवा आरएससी २.५ च्या वर असेल तर घेऊ नका. जमीन चिकट होऊन पाणी मुरेनासं होतं आणि ती दुरुस्त करायला वर्षं जातात.

खाणीने पाणी ओढल्यामुळे विहिरी आटल्या, हे सिद्ध कसं करायचं?
— वाचक, डिचोली, गोवा

तुमच्याकडे वरचा जांभा आणि खालचं भुसभुशीत लोहखनिज, दोन्हीत पाणी असतं. खाण खनिजात खोल गेली आणि उपसा सुरू झाला की भोवतालची पातळी उतरते. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करा. आठवड्यातून एकदा, पहाटे पाणी भरायच्या आधी, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या टेपने मोजा. सोबत रोजचा पाऊस लिहा, पंप किती तास चालतो तेही लिहा. डोंगरापलीकडची एक विहीर याच पद्धतीने मोजा. दोन्ही विहिरी सारख्या उतरल्या तर उन्हाळा. जवळचीच उतरली आणि उपसा थांबल्यावर चढली, तर कारण खाण. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या होत्या. त्या काळातल्या विहिरींच्या नोंदी पंचायतीत किंवा जलस्रोत खात्यात असतील तर आजच मागवा.

कागदपत्रं मागायची कुठली? आणि देखरेख समितीला खर्च कोण देणार?
— महिला बचत गट, घुग्घूस परिसर

पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि तिच्या अटी आधी मिळवा. कंपनीने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यायचा असतो. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र जातं. मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटींची नोंदवही जल अधिनियमाच्या कलम २५(६) प्रमाणे बाधित माणसाला बघता येते. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) सारख्या सरकारी कंपनीकडे तर थेट माहितीचा अधिकार चालतो: दहा रुपये, तीस दिवस. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं, हे फार कमी लोक वापरतात.

अहवाल वाचताना 'पालन केले' या शब्दापाशी थांबू नका. चार तिमाहींचे आकडे शेजारी मांडा. गाळाचा आकडा मे आणि ऑगस्टमध्ये एकच असेल, किंवा नमुन्याच्या जागेचं नाव आहे पण अक्षांश-रेखांश नाहीत, तर प्रश्न तिथून सुरू करा. भूजल पातळी वर्षातून चारदा मोजायची अट बहुतेक मंजुऱ्यांत असते. त्या नोंदी आणि तुमच्या विहिरीच्या नोंदी एकाच आलेखावर काढा.

खर्चासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेल्या या निधीत पिण्याचं पाणी आणि प्रदूषण नियंत्रण ही प्राधान्याची कामं आहेत. ग्रामसभेचा ठराव करून तपासणीच्या खर्चासह प्रस्ताव द्या. प्राथमिक तपासणीला जलजीवन मिशनचा गावातच पाणी तपासायचा संच आणि प्रशिक्षण घेतलेल्या पाच महिला गावात असायला हव्यात. तुमच्या गटाने त्यांनाच समितीत घ्यावं.

कंपनीने पैसे दिले तर समिती विकली गेली, असं तुमच्या पत्रात आहे. तसं होईलच असं नाही, सगळं करारावर ठरतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात स्टिलवॉटर इथल्या प्लॅटिनम-पॅलेडियम खाणीशी स्थानिक संघटनांनी मे २००० मध्ये कायदेशीर बंधनकारक करार केला. त्यात स्वतंत्र तज्ज्ञांचा खर्च कंपनी देते, पण ते काम लोकांसाठी करतात. कायद्याची मर्यादा गाठण्याच्या आधीच ठराविक पातळीला कंपनीने हालचाल करावी, हेही करारात आहे. तिथेही मोठी काळजी होती ती सुरुंगांमुळे पाण्यात येणाऱ्या नायट्रेटचीच. आपल्याकडे ग्रामसभेने खाणीशी असा लेखी करार मागावा. त्यात लिहून घ्या: नायट्रेट नायट्रोजन ५ झालं की सात दिवसांत कळवायचं, ८ झालं की फेरतपासणी.

आणि तारखा जपा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे कलम १४ खाली जायची मुदत कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर फार तर साठ दिवसांची सवलत. नुकसानभरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क एक हजार रुपये. मंडळाला दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी तक्रारीची तारीख कुठेच धरली जात नाही.