शटडाऊनआधी संस्थेची तयारी: रोख किती आठवडे पुरेल ते आधी बघा

न्यू जर्सीत ज्येष्ठांना घरपोच डबे देणाऱ्या छोट्या संस्थेच्या मंडळावर तुम्ही आहात, निम्मा पैसा फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, तोही काउंटीमार्फत (जिल्हा प्रशासनामार्फत) येतो, आणि शटडाऊन झालं, म्हणजे बजेट वेळेत मंजूर न झाल्याने केंद्र सरकारचं बरंचसं कामकाज थांबलं, तर डबे बंद पडतील का, असं तुम्ही विचारलंय. सहसा लगेच पडत नाहीत. बंद पडतात ते रोख संपल्यावर.

२०१३ चं शटडाऊन १६ दिवस चाललं, २०१८-१९ चं ३५ आणि २०२५ चं ४३. त्यामुळे आठ आठवडे धरा. सरकार उघडल्यावर तुंबलेली बिलं निघायलाही वेळ लागतो, तो वेगळा.

प्रत्येक ग्रँटचा करार काढून तीन गोष्टी बघा: पैसा आधीच मंजूर झालेला आहे की नव्या बजेटवर अवलंबून, आगाऊ मिळतो की बिल लावल्यावर, आणि मान्यता कोणाची लागते. आधी मंजूर झालेला पैसा शटडाऊनमध्येही बहुधा काढता येतो. अडतं ते अधिकाऱ्याची मान्यता लागते तिथे: बजेटमधला फेरफार, मुदतवाढ, नवीन मंजुरीपत्र. घरी बसवलेल्या अधिकाऱ्याला स्वखुशीनेही काम करता येत नाही. म्हणून असे अर्ज ३० सप्टेंबरच्या, म्हणजे फेडरल आर्थिक वर्ष संपण्याच्या, बरेच आधी निकाली काढून घ्या. सॅम डॉट गव्ह या फेडरल ग्रँटसाठीच्या सरकारी वेबसाइटवरची नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते, तिचीही तारीख बघा.

ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट या ज्येष्ठांच्या सेवांसाठीच्या फेडरल कायद्याखालचा पैसा आधी राज्याकडे, मग काउंटीच्या ज्येष्ठ नागरिक कार्यालयाकडे आणि तिथून तुमच्याकडे येतो. तेव्हा काउंटीलाच लेखी विचारा: तुमच्याकडे किती आठवड्यांचा पैसा आहे, थांबवायचं ठरलं तर किती दिवस आधी कळवाल, आणि मधल्या काळात दिलेल्या डब्यांचं बिल नंतर मंजूर होईल का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फेडरल कर्मचाऱ्यांना मागचा पगार देण्याचा कायदा २०१९ मध्ये झाला, संस्थांना तसं संरक्षण नाही.

सप्टेंबरअखेर सगळी ग्रँट काढून बँकेत ठेवावी, असा मोह होतो. तसं करू नका, आगाऊ रक्कम फक्त लगेचच्या खर्चापुरतीच काढता येते. झालेल्या खर्चाची बिलं मात्र, करारात बसत असेल तर, महिन्याऐवजी दर आठवड्याला लावा.

बँकेची लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे लागेल तेव्हा उचलता येणारं कर्ज, आत्ताच मंजूर करून ठेवा. येणी अडकल्यावर बँक हात आखडता घेते. रोजच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज फेडरल ग्रँटला लावता येत नाही, ते इतर देणग्यांतून भरावं लागेल. ठरावीक कामासाठी आलेल्या देणगीला देणगीदाराच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका.

पगाराच्या बाबतीत सर्वांत महाग चुका होतात. पगारातून कापलेला कर तात्पुरता वापरून घेऊ, असं कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या. तो पैसा आयआरएसचा, म्हणजे फेडरल कर खात्याचा असतो आणि न भरल्यास जबाबदार व्यक्तींकडून व्यक्तिशः वसूल होऊ शकतो. ओव्हरटाइम न मिळणाऱ्या पगारी माणसाला बिनपगारी रजा द्यायची तर पूर्ण आठवड्याची द्या, कारण त्या आठवड्यात त्याने थोडंही काम केलं तर साधारणपणे पूर्ण आठवड्याचा पगार द्यावा लागतो. घरून ईमेलला उत्तर देणं हेही कामच. आणि कोणी प्रेमापोटी म्हणालं तरी कर्मचाऱ्याकडून त्याचंच काम स्वयंसेवक म्हणून करून घेता येत नाही.

डबे कमी करायची वेळ आली तर सगळ्यांचे सारखे कापू नका. आत्ताच यादी करा: एकटं कोण राहतं, कोणाला उभं राहून स्वयंपाक जमत नाही, कोणाकडे फ्रीझर किंवा मायक्रोवेव्ह नाही. ज्यांच्याकडे दोन्ही आहे, त्यांना पाच दिवस गरम डब्यांऐवजी तीन गरम आणि, त्यातल्याच एका फेरीत, दोन गोठवलेले डबे देता येतात. ड्रायव्हरचे तास वाचतात. बाकीच्यांचा रोजचा गरम डबा चालू ठेवा. या बदलाला काउंटीची लेखी मान्यता आधीच घ्या, नाहीतर नंतर त्याच डब्यांचं बिल अडेल.