हॉटस्पॉट लावला की डेटा जातो कुठे?

मागच्या वेळी मी ओघात लिहिलं होतं की घरचं नेट गेलं तर फोनचा हॉटस्पॉट लावा आणि काम चालू ठेवा, बस एवढंच. त्यावर प्रश्नांचा असा काही ढीग पडलाय की आजचा अख्खा कॉलम त्यालाच दिला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा सुटला असेल तर राग मानू नका.

प्रश्न: ताई, फोनवर दिवसभर मेसेज, व्हिडिओ, सगळं करूनही माझा डेटा उरतो. पण परवा लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला, खरं सांगते फक्त दोन मेल पाठवले, तर तासाभरात २ जीबी साफ! कोणीतरी चोरून वापरतंय का? पासवर्ड तीनदा बदलला, नाव पण बदललं, तरी तेच.

चोर घरातलाच आहे हो, तुमचा लॅपटॉप! कसं असतं, फोनला स्वतःला माहीत असतं की आपण मोबाइल डेटावर आहोत, त्यामुळे मोठी अपडेट्स, फोटोंचा बॅकअप वगैरे तो सहसा वाय-फाय मिळेपर्यंत अडवून ठेवतो. लॅपटॉपला मात्र तुमचा हॉटस्पॉट म्हणजे नुसतं एक वाय-फाय दिसतं, पलीकडे मोजून मिळणारा डेटा आहे हे त्याच्या गावीही नसतं. मग काय, मोकळं रान! विंडोजचं अपडेट, क्लाउडवरचे फोल्डर, अँटिव्हायरस, कधीकाळी टाकलेला एखादा गेम, सगळे एकदम तुटून पडतात, आणि तुम्ही आपले दोन मेल पाठवून नंतर पासवर्ड बदलत बसता.

उपाय सोपा आहे, लॅपटॉपला सांगून टाकायचं. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, वाय-फायमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा, तिथे 'मीटर्ड कनेक्शन' असं बटण आहे ते ऑन करा. मॅकवाल्यांना वाय-फायच्या डिटेल्समध्ये 'लो डेटा मोड' मिळेल. आता तुमच्या बाबतीत गंमत अशी की हे सेटिंग त्या-त्या नेटवर्कच्या नावाला चिकटलेलं असतं, म्हणजे हॉटस्पॉटचं नाव बदललं की लॅपटॉपला ते नवीनच नेटवर्क वाटतं आणि सेटिंग पुन्हा करावं लागतं, तेव्हा आता कृपा करून नाव बदलू नका.

तरी सगळी ॲप्स हे ऐकतात असं नाही, काही निर्लज्ज असतात. ती शोधायची तर विंडोजच्या सेटिंग्जमध्येच 'डेटा युसेज' आहे, कोणत्या ॲपने किती खाल्लं ते तिथे ओळीने दिसतं. मी एकदा उघडून बघितलं तर सगळ्यात वर फोटो सिंक करणारं ॲप! आदल्या रात्री मी कॅमेऱ्यातले सगळे फोटो डेस्कटॉपवर ओतले होते आणि विसरून गेले होते, ते बिचारं इमानाने एकेक वर चढवत बसलं होतं. अशांना काम होईपर्यंत पॉज करून ठेवायचं.

आणि हो, व्हिडिओ. एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी घेतो, ४के असेल तर ७ च्या आसपास. फोनच्या छोट्या स्क्रीनवर तोच व्हिडिओ बऱ्याचदा कमी क्वालिटीत चालतो म्हणून जाणवत नाही, मोठ्या स्क्रीनवर ॲप आपलं आपण क्वालिटी वर नेतं. हाताने ४८०पी वर आणून ठेवा, लेक्चर ऐकायला तेवढं भरपूर होतं.

प्रश्न: माझा हॉटस्पॉट भावाच्या नव्या लॅपटॉपवर लगेच दिसतो, माझ्या जुन्यावर यादीतच येत नाही. लॅपटॉप खराब झाला का?

नाही नाही, फेकू नका. हॉटस्पॉट सहसा दोनपैकी एका बँडवर (म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर) चालतो, २.४ गिगाहर्ट्झ किंवा ५ गिगाहर्ट्झ, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपना, प्रिंटरना ५ वालं दिसतच नाही. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये बँड किंवा कम्पॅटिबिलिटी असं काहीतरी असेल (प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, का देते देव जाणे), तिथे २.४ करा. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' ऑन करायचं. आयफोनवर अजून एक, लॅपटॉप जोडला जाईपर्यंत पर्सनल हॉटस्पॉटची स्क्रीन उघडीच ठेवा, नाहीतर कधीकधी तो गायब होतो आणि आपण लॅपटॉप रीस्टार्ट करत बसतो.

सगळी उपकरणं नवीन असतील तर मात्र ५ वरच राहा. २.४ वर शेजाऱ्यांची वाय-फाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळ्यांची गर्दी असते. फक्त ५ वालं भिंतीपलीकडे नीट पोचत नाही, तेव्हा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला आणि तुम्ही बाहेर, असं करू नका.

प्रश्न: माझ्या जुन्या डेस्कटॉपला वाय-फायच नाही. यूएसबीने नेट देता येतं असं वाचलं, पण केबल लावली तरी 'यूएसबी टेदरिंग' हा ऑप्शन फिका दिसतो, दाबताच येत नाही.

केबल बदलून बघा. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता आधी तेच सांगते. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच, पंख्याबिंख्याबरोबर फुकट येतात ना तशा. फोन चार्ज होताना दिसतो म्हणून केबलवर कुणाचा संशय जात नाही. फोनची फाइल डेस्कटॉपवर कॉपी करता येत असेल तर केबल चांगली.

एक मस्त गोष्ट सांगते, अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडलेला असेल आणि यूएसबी टेदरिंग ऑन केलं तर डेस्कटॉपला ते वाय-फायचंच नेट मिळतं, मोबाइल डेटा लागत नाही. म्हणजे ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन, सिम नसलं तरी, तुमच्या डेस्कटॉपचं वाय-फाय कार्ड झाला! आयफोनचा हॉटस्पॉट मात्र मोबाइल डेटाच वाटतो.

ब्लूटूथनेही नेट देता येतं बरं का. बॅटरी कमी जाते पण वेग अगदीच बेताचा, मेल-मेसेजपुरता ठीक.

प्रश्न: हॉटस्पॉट लावला की फोन इतका तापतो की हातात धरवत नाही आणि थोड्या वेळाने नेटही स्लो होतं.

दोन्ही एकाच गोष्टीमुळे. टॉवरशी बोलायचं आणि वाय-फायही पसरवायचं, दोन रेडिओ सतत चालू, फोन तापणारच, आणि फार तापला की स्वतःला वाचवायला तो वेग कमी करतो. त्यात रेंज कमी असेल तर टॉवरपर्यंत आवाज पोचवायला अजून जोर लावतो. म्हणून फोन खिडकीजवळ ठेवा (उन्हात नाही!), कव्हर काढा, उशीखाली-बॅगेत ठेवू नका, आणि वायरलेस चार्जरवर ठेवून हॉटस्पॉट चालवायचा तर विचारूच नका, तो चार्जर स्वतःच गरम करतो. एकच लॅपटॉप असेल तर सरळ यूएसबी केबल लावा, वाय-फायचा रेडिओ बंद राहतो आणि चार्जिंगही होत राहतं.

प्रश्न: मीटिंग चालू असताना कुणाचा कॉल आला की लॅपटॉपचं नेट बंद पडतं.

फोनमध्ये 'व्होल्टे' (४जी नेटवर्कवरूनच कॉल करायची सोय) ऑन आहे का बघा. ते नसेल तर कॉलसाठी फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि डेटा बसतो किंवा रांगायला लागतो. दोन सिम असतील तर दुसऱ्या सिमवरचा कॉलही बऱ्याच फोनमध्ये पहिल्याचा डेटा थांबवतो. महत्त्वाच्या मीटिंगला ते दुसरं सिम तासभर बंद ठेवा, सरळ.

प्रश्न: फोनवर व्हीपीएन (नेटची ये-जा कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) चालू आहे, म्हणजे हॉटस्पॉटवरचा लॅपटॉपही त्यातूनच जातो ना?

सहसा नाही! फोनचं व्हीपीएन फोनपुरतं, लॅपटॉपचा ट्रॅफिक बाजूने निघून जातो. लॅपटॉपवर वेगळं टाका.

प्रश्न: ताई, मला हॉटस्पॉटला मराठीत नाव द्यायचंय. 'माझा हॉटस्पॉट' टाकलं तर फोन घेतच नाही, 'माझं नेट' घेतो. मराठीशी वाकडं आहे का याचं?

किती छान प्रश्न विचारलास! वाकडं नाही रे, जागा कमी आहे. वाय-फायच्या नावाला एकूण ३२ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळ्यांचे वेगळे तीन-तीन. मोजून बघ, 'माझा हॉटस्पॉट' होतात ३७, 'माझं नेट' होतात २२. नुसतं 'हॉटस्पॉट' ठेवलंस तर २४, तेही बसेल. फक्त घरातला जुना प्रिंटर किंवा टीव्ही देवनागरी नावाच्या जागी चौकोन नाहीतर भलतीच चिन्हं दाखवेल, आणि एखादा तर जोडलाच जाणार नाही, मग गुपचूप इंग्रजी नावावर ये.