नगरपरिषदेने सोशल मीडियावरून लोकांचा सहभाग कसा वाढवावा? सुरुवात फेसबुकपासून करावी की व्हॉट्सॲपपासून?

माध्यम नंतर ठरवा. आलेली तक्रार कोण नोंदवणार आणि कुठे, ते आधी ठरवा. मी एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात लिपिक होते, आवक-जावकही बराच काळ माझ्याकडेच होतं. त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आमचाही होता. पुढच्या उन्हाळ्यात शहराला आठवड्यातून एकदा पाणी सुटायचं. कुठल्या भागाला कधी, हे विचारायला ऑफिसचा फोन दिवसभर वाजायचा. म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी प्रभागवार व्हॉट्सॲप ग्रुप करायला सांगितले. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जणच घेता यायचे, म्हणून प्रत्येक गल्लीतले थोडे थोडे लोक घेतले. त्यातही बायका मुद्दाम जास्त घेतल्या, कारण पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, दाब कसा होता हे घरात त्यांनाच माहीत असतं. व्हॉल्व्हमन मामा व्हॉल्व्ह उघडला की मला फोन करायचे आणि मी ग्रुपवर टाकायचे.

मग तक्रारी यायला लागल्या आणि मी त्या आवक रजिस्टरला घ्यायला सुरुवात केली. तारीख, नाव, गल्ली, कनेक्शन कुठल्या व्हॉल्व्हवरचं, सगळं लिहायचं आणि आवक क्रमांक ग्रुपवरच परत कळवायचा. आमच्या कनिष्ठ अभियंत्यांना हे अजिबात पटलं नाही. "मॅडम, अर्ज नाही, सही नाही. लोक व्हॉट्सॲपवर काहीही लिहितात. त्याला नंबर दिलात की उद्या उत्तर द्यावं लागेल." मी म्हटलं, उत्तर द्यावं लागावं म्हणूनच नंबर देतेय.

एके दिवशी पेठेतल्या एका बाईंनी पेल्यातल्या गढूळ पाण्याचा फोटो टाकला. वास येतोय म्हणाल्या. अभियंता साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, टाकी धुवून घ्या. पुढच्या पाळीला त्याच बाजूने आणखी तक्रारी आल्या. ग्रुपवर त्या शुभ सकाळच्या गर्दीत कधीच वर सरकून गेल्या होत्या. रजिस्टरमध्ये मात्र त्या एकाखाली एक आल्या, आणि सगळी घरं एकाच व्हॉल्व्हवरची, नाल्याच्या कडेची आहेत हे दिसलं. आठवडाभर रिकाम्या राहिलेल्या लाइनमध्ये फुटक्या जोडातून गटाराचं पाणी शिरतं, हे पाणीपुरवठ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मामांना ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, करायला लावली. जलकुंभाजवळच्या नळाला पिवळा रंग आला, पेठेच्या टोकाला आलाच नाही. म्हणजे तिथे पोचेपर्यंत क्लोरीन उरतच नव्हतं. तो निष्कर्ष आणि रजिस्टरच्या पानांच्या प्रती जोडून मी टिप्पणी थेट मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवली. खोदल्यावर मोरीखालचा जोड गटारात बुडालेला सापडला. पाइप बदलला, लाइन धुऊन काढली, टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) प्रमाण वाढवलं.

लोकांनी त्या जुन्या पाइपचे फोटो ग्रुपवर टाकले. ते वर कोणाला तरी झोंबलं आणि आठवड्याच्या आत सगळे ग्रुप 'फक्त ॲडमिन' झाले. फेसबुक पेज तर आधीपासूनच वाढदिवस आणि नारळ फोडण्याच्या फोटोंचं होतं. अभियंता साहेब म्हणाले, आता शिस्त आली. मला त्याचा राग आजही येतो. घाण पाणी येतंय हे सांगायची जागाच बंद केली, तर दवाखान्यात पेशंट वाढेपर्यंत ते आपल्याला कळणार नाही.

साहेब निवृत्त झाले, तरी भेटले की हा वाद निघतोच. त्यांचा ठरलेला मुद्दा असा: परराष्ट्रमंत्री असताना सुषमा स्वराज ट्विटरवर थेट लोकांना मदत करायच्या, तिथे कुठे होतं तुमचं रजिस्टर? होतं साहेब. परदेशात अडकलेल्या माणसाच्या एका ट्वीटमागे तिथला दूतावास कामाला लागायचा. आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्या मंत्रालयाने 'ट्विटर सेवा' सुरू केली, ती यासाठीच: आलेल्या ट्वीटला तिकीट, म्हणजे नोंद क्रमांक, मिळायचं, ते संबंधित दूतावासाकडे किंवा पासपोर्ट कार्यालयाकडे जायचं आणि त्याचं पुढे काय झालं ते पाहता यायचं. मी शाईने जे करत होते तेच. सरकारी कार्यालयांनी सोशल मीडिया कसा वापरावा याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ पासून आहेत. उत्तर कोण देणार हे आधी ठरवा, असं त्यातही आहे. तेव्हा हे माझं खूळ नव्हतं.

आता तुमचं. छोटं शहर असेल तर व्हॉट्सॲपपासून सुरुवात करा. फेसबुकवर पाण्याचं वेळापत्रक, निविदा, सभेची विषयपत्रिका टाका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बरीच माहिती आपण होऊन द्यायचीच असते. एक्स (पूर्वीचं ट्विटर) मोठ्या महापालिकांना उपयोगी पडतं, तुमच्याकडे त्यावर बहुतेक पत्रकारच असतील. रीलसाठी एजन्सी नेमायचे पैसे असतील, तर त्याआधी तक्रारी नोंदवायला एक माणूस नेमा.

काही गोष्टी सांभाळा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतात, आणि आमच्याकडच्या बायकांना त्याचा त्रास झाला. तक्रारीसाठी एकच कार्यालयीन नंबर ठेवणं बरं. स्वतःच्या खात्यावरून कार्यालयाच्या वतीने काही लिहू नका. कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराबाबत राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये सूचना काढल्या आहेत, त्या वाचून घ्या. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांची तोंडी तक्रारही त्याच रजिस्टरला घ्या, नाहीतर फोनवाल्यांच्या गल्लीचंच काम आधी होत राहील. व्हॉट्सॲपवरच्या नोंदीने लोकसेवा हक्क कायद्याची मुदत सुरू होत नाही. दाखला, नळजोडणी यांसारख्या अधिसूचित सेवेसाठी रीतसर अर्जच करायला सांगा.

आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात नुसतं 'निकाली' लिहू देऊ नका. कोणी, कधी, काय दुरुस्त केलं ते लिहून घ्या, आणि नोंद बंद करायच्या आधी तक्रार करणाऱ्या बाईंना फोन करून विचारा, पाणी नीट आलं का.