डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं ख्रिसमस मार्केट बघायला एक दिवस पुरेल का?

पुरेल, म्युनिकहून ट्रेनने तासाभरात पोचता येतं, फक्त शनिवार-रविवार टाळा, संध्याकाळी तर पाय ठेवायला जागा नसते. मार्केट अ‍ॅडव्हेंटच्या (ख्रिसमसआधीच्या चार रविवारांचा काळ) पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होतं आणि 24 डिसेंबरला संपतं, त्यामुळे 25 तारखेला जाल तर हात हलवत परत याल. सकाळी किल्ला बघून घ्या, बरोबर 12 ला फ्राउएनकिर्श चर्चच्या घड्याळातल्या बाहुल्या सम्राटाभोवती फिरतात ते बघा, मग खादाडी, साडेचारला अंधार पडतोच. बोटाएवढे तीन सॉसेज घातलेला पाव फेमस आहे पण ते डुकराचं मांस, व्हेज असाल तर लेबकुखेन (मसाल्याचं गोड केक-बिस्किट) घ्या, पण त्यात बहुधा अंडं असतं. ग्लूवाइनच्या (मसाला घातलेली गरम वाइन) मगचं डिपॉझिट घेतात, तो मग परत केला की पैसे मिळतात. कॅश ठेवा.