बागेतल्या मॉडेल रेल्वेसाठी पूल आणि टर्नटेबल घरी बनवता येईल का?

हो, नक्की येईल. तुम्ही लिहिलंय की ४५ मिमी गेजचा (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) ट्रॅक आहे, मध्ये सव्वा मीटरचा पाण्याचा चर येतो आणि तयार टर्नटेबल, म्हणजे इंजिन वर घेऊन गोल फिरवणारं रुळाचं टेबल, मागवणं परवडत नाही. मी दोन्ही घरीच केलंय, पुण्यात, त्यामुळे पावसाळा धरूनच सांगतो.

पुलाला प्लायवूड वापरूच नका, दुकानदार वॉटरप्रूफ म्हणाला तरी. माझा पहिला पूल दुसऱ्याच पावसात कडेनं फुगला, थर सुटले आणि इंजिन मधोमध कललं. आता खाली ॲल्युमिनियमचे दोन एल अँगल आहेत, स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे उरलेले तुकडे मिळतात, आणि वर सागवानी पट्ट्यांचे स्लीपर. मधोमध दोन विटा रात्रभर ठेवल्या, सकाळी दोरा ताणून बघितलं, झोल नव्हता, मगच ट्रॅक टाकला.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुलाचं एक टोक मोकळं ठेवा. ३ मीटर सलग पितळी रूळ ३० अंशांनी तापला की पावणेदोन मिमीच्या आसपास वाढतो, आणि मी दोन्ही टोकं सिमेंटात पक्की केली होती, एप्रिलमध्ये दुपारी रूळ सापासारखा वाकडा झालेला बघून पोटात गोळाच आला. खऱ्या गर्डर पुलांनाही एका टोकाला सरकायला जागा ठेवतात. मी एकीकडे बोल्ट मारला, दुसरीकडे लांबट भोक पाडलं आणि रुळाच्या जोडात २ मिमी फट सोडली, बस्स.

टर्नटेबलचा खड्डा म्हणजे आईची जुनी १८ इंची स्टीलची परात! तळाला भोकं पाडा नाहीतर पाणी साचतं. मध्ये ६२०२ नंबरचं बेअरिंग, सीलिंग फॅनला लागतं तेच, फक्त रबर सीलवालं घ्या. सगळा भार मधल्या बेअरिंगवरच येऊ द्या, टेबलाच्या टोकांची छोटी चाकं परातीपासून १ मिमी वर, इंजिन चढताना टेबल कललं तर तेवढ्यापुरती टेकायला. रूळ समोरासमोर येऊन तसेच राहावेत म्हणून टेबलाखाली दरवाजाची ३ इंची पितळी कडी लावलीय, ती प्रत्येक ट्रॅकसमोर परातीच्या कडेला बसवलेल्या नळीत खट्कन जाते आणि तो आवाज ऐकला ना की अजूनही फार भारी वाटतं.

करंट रुळातून देत असाल तर टेबल अर्धं फिरलं की प्लस-मायनस उलटे होऊन शॉर्ट होतो. त्यासाठी खाली तांब्याच्या पट्टीची रिंग दोन अर्ध्या भागांत करा, एकात प्लस एकात मायनस, टेबलाखाली समोरासमोर दोन ब्रश (रिंगला घासत करंट घेणारे), आणि रिंगमधली फट जिथे ट्रॅक येत नाही तिथे ठेवा. बॅटरीवरचं इंजिन असेल तर यातलं काहीच लागत नाही.

परात घ्यायच्या आधी तुमच्या सगळ्यात लांब इंजिनाच्या पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात निदान ५ सेंमी धरा.