जिच्या चाकामागे पडलात, तिलाच आधी फोन करा

प्रश्न : ताई, मी ३९ वर्षांची, जळगावला राहते, सरकारी नोकरीत आहे. मेहरूण तलावाच्या फेऱ्यांपासून सायकल सुरू केली, पुढे स्वतःच्या पैशांतून रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची शर्यतीची सायकल, घेतली. गेल्या वर्षी एका हौशी शर्यतीत महिलांच्या गटात तिसरी आले. डिसेंबरात पद्मालयाहून परतताना आम्ही एकामागे एक चाललो होतो. शेळी आडवी आली म्हणून पुढच्या मैत्रिणीने ब्रेक मारला, माझं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला घासलं आणि मी डाव्या खांद्यावर आपटले. कॉलरबोन मोडलं, प्लेट बसली. आता डॉक्टरांची परवानगी आहे. दोनदा ग्रुपबरोबर गेले, पण कुणाच्या मागे चाक लावलं की बोटं आपोआप ब्रेकवर आवळतात, मी मागे पडते आणि रडू येतं. एरवी वाऱ्यात पुढचीच्या आडोशाला शिरलं की सायकल आपोआप धावते, त्यासारखं सुख नव्हतं! इतके महिने माझी वेणी घालणाऱ्या सासूबाई म्हणतात, "बस कर व माय आते." नवरा काहीच बोलत नाही. मुलगी विचारते, पुन्हा पडशील का? ती मैत्रीण फोन करते आणि मी विषय बदलते. या वयात शर्यतीची हौस म्हणजे हट्ट आहे का? सायकल विकून टाकू का?

उत्तर : विकू नका. आणि हा हट्टही नाही.

तुम्हाला आजवर मिळालेला सल्ला काय असेल याचा मला अंदाज आहे. ग्रुपचा नाद सोड, एकटी फिर, सकाळची हवा खा, शर्यतबिर्यत कशाला. हा सल्ला देणारी माणसं मायेचीच असतात. पण तुमच्या पत्रात आनंदाचं एकच वाक्य आहे, आणि ते एकटीनं फिरण्याबद्दल नाही. ते आहे पुढचीच्या आडोशाला शिरण्याबद्दल. ज्या गोष्टीनं तुम्हाला पाडलं, तीच तुमची सगळ्यात आवडती गोष्ट होती. म्हणून एकटीच्या फेऱ्यांनी पाय परत येतील, पण तुम्ही जे गमावलंय ते परत येणार नाही. ते परत मिळवायचं तर वाट पुन्हा कुणाच्या तरी चाकामागेच जाते. फक्त ती वाट तुम्ही शेवटच्या टोकाकडून सुरू केलीत, थेट ग्रुपमध्ये, थेट जुन्या वेगात. रडू येणार नाही तर काय होईल?

आधी शरीराचं बोलू, कारण तुम्ही जिला भीती म्हणता, तिच्यातला बराच भाग मला खांद्याचा वाटतो. कॉलरबोन साधारण ६ ते १२ आठवड्यांत जुळतं. पण हात झोळीत राहिल्यानं खांद्याभोवतीचे आणि पाठीच्या फऱ्याजवळचे स्नायू रोडावतात, ते भरून यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. रोड बाइकवर वजनाचा मोठा वाटा हातांवर येतो. खांदा थकला की आपण नकळत कोपर ताठ करतो, कोपर ताठ झालं की प्रत्येक खड्डा थेट प्लेटपर्यंत पोचतो, सायकल थरथरते, आणि ती थरथर डोक्याला सांगते की धोका आहे. मग बोटं ब्रेक आवळतात. यात तुमच्या धैर्याचा काही संबंध नाही. फिजिओथेरपिस्टला स्पष्ट सांगा की मला नुसता हात वर करायचा नाही, दोन तास हँडलवर वजन पेलायचं आहे. रबर बँड ओढण्याचे व्यायाम, भिंतीवरचे पुशअप, पुढे प्लँक, हे सगळं त्यांच्याकडून क्रमानं घ्या. हँडल थोडं उंच करून घ्या, हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, जरा आखूड बसवून बघा, फ्रेममध्ये मावत असतील तर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर टाका आणि हवा थोडी कमी ठेवा. आपल्याकडच्या रस्त्यांना तसेही तेच बरे. पुन्हा शर्यतीत उतरायचं ठरलं की प्लेटचं काय करायचं, ठेवायची की काढायची, हेही सर्जनना आताच विचारून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते. हेल्मेट तेच वापरताय का? खांद्यावर पडताना डोकंही अनेकदा टेकतं. हेल्मेटच्या आतला फोम एकदाच दबतो आणि दबला की त्याचं काम संपलं, वरून कितीही नवं दिसो. ते टाकून द्या आणि नवं घ्या. सायकलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका) आणि हँडल कार्बनचे असतील तर चांगल्या कारागिराकडून चिरा तपासून घ्या, मागचा डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा, वाकलाय का तेही बघायला सांगा. सायकल ठीक आहे हे एकदा खात्रीनं कळलं की मनातलं एक ओझं कमी होतं.

आता चाकाचं. दोन चाकं घासतात तेव्हा पडते ती मागची, कारण तिचं पुढचं चाक अडकतं आणि दिशा हातातून जाते. पुढचीला बहुतेक वेळा मागून नुसता एक हलका धक्का जाणवतो. म्हणजे तुमच्या मैत्रिणीला त्या दिवशी काय समजलं असेल बघा : एक धक्का, मागे आवाज, आणि वळून पाहिलं तर तुम्ही रस्त्यावर. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. शेळी होती, तिचा दोष नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आहे, मला आता ठाऊक झालं. तिला कुणी सांगितलंय का? ती फोन करते आणि तुम्ही विषय बदलता, याचा अर्थ ती काय लावत असेल? माझी खात्री आहे, पुढे चालताना तीही आता ब्रेकला हात लावायला घाबरते. तुमच्या दोघींच्या भीतीचं मूळ एकच आहे, म्हणून ती दोघींनी मिळूनच काढायची.

तिला बोलवा आणि रस्त्यावर नाही, मऊ गवताच्या मैदानावर जा. सर्जननी हो म्हटल्यावरच, आणि पाय चटकन टेकेल असे साधे पॅडल लावून, सीट जरा खाली घेऊन. चालण्याच्या वेगानं शेजारी शेजारी सायकल चालवा. आधी उजवा खांदा तिच्या खांद्याला टेकवा, मग कोपर. हसू येईल, येऊ द्या. ते अंगवळणी पडलं की तिच्या मागे जाऊन तुमचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला अलगद घासू द्या. आपली उपजत ओढ असते हँडल झटक्यानं दूर वळवण्याची, आणि त्यातच माणूस पडतो. शिकवतात ते उलट : पॅडल मारत राहायचं, चाकाला किंचित लागूनच राहायचं आणि मग हळूच सुटायचं. शर्यतीच्या मुलांना हे मैदानावरच शिकवतात. आपण प्रौढ वयात सायकलवर येतो आणि थेट हायवेवर पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवायला जातो, ही हौशी सायकलिंगमधली मोठी उणीव आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्ही पडलात त्यात शेळीइतकाच वाटा न मिळालेल्या या शिक्षणाचा आहे.

मैदानावर हात मोकळे झाले की दोघीच रस्त्यावर या. भल्या पहाटे कानळद्याच्या बाजूला जा, हायवे नको. सुरुवातीला मध्ये पूर्ण एका सायकलचं अंतर ठेवा. नजर तिच्या मागच्या चाकावर खिळवू नका, तिच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. जवळ आल्यासारखं वाटलं तर ब्रेक न धरता अंग थोडं उचलून वाऱ्यात घ्या, वेग आपोआप उतरतो. तिनं खड्डा, कुत्रं, शेळी, सगळं मोठ्यानं ओरडून सांगायचं, हा करार आधीच करा. मग हात बरे वाटतील तसं अंतर कमी करत जा. पुढचीच्या आडोशाला सपाटीवर साधारण पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात, हे तुमच्या पायांना पाठ आहे. एखाद्या सकाळी पाय ते ओळखतील.

ग्रुपला तोवर सांगून टाका की दिवाळीपर्यंत मी येणार नाही. कारण द्यायची गरज नाही. सायकलचा कॉम्प्युटर तेवढे दिवस जर्सीच्या मागच्या खिशात टाका, म्हणजे जुन्या आकड्यांशी रोज सकाळी भांडण नको. दम काही आठवड्यांच्या विश्रांतीत उतरतो, पण एकदा कमावलेला दम पहिल्यापेक्षा लवकर परत येतो. ऋतूही साथीला आहे. आत्ता पावसात ट्रॅक्टरच्या चाकांतून काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो, त्यावर बारीक टायर साबणासारखा सरकतो, म्हणून घाई नकोच. दिवाळीनंतर रस्ते कोरडे होतात आणि खानदेशात फेब्रुवारीपर्यंत सायकलीचे खरे दिवस असतात. पुढे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा शर्यतीचं नावही नको.

शर्यतीबद्दल तुम्ही 'या वयात' असं लिहिलंय. नेदरलँड्सच्या सायकलपटू आनेमिक फान फ्लॉटन २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सगळ्यांच्या पुढे असताना उतारावर पडल्या, कण्याचे तीन मणके मोडले. पुढच्याच वर्षी त्या टाइम ट्रायलच्या, म्हणजे एकटीनं घड्याळाशी लढायच्या शर्यतीच्या, जगज्जेत्या झाल्या. २०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँगला आधीच्या शर्यतीत कोपर मोडलं, तरी काही दिवसांतच त्यांनी रोड रेसचं, म्हणजे घोळक्यातल्या शर्यतीचं, जागतिक विजेतेपद जिंकलं. तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या, तुमच्याच वयाच्या. मोडलेल्या कोपरानं उतरण्याचं अनुकरण अजिबात करू नका. त्यांच्यामागे डॉक्टरांची फौज होती आणि तुम्हाला पाचला उठून डबे करायचे असतात. पण पडल्यानंतरही जिंकावंसं वाटणं हे वयाला शोभत नाही, असं मात्र कुणाला म्हणू देऊ नका. बायकांनी तब्येतीसाठी सायकल चालवली तर कौतुक आणि नंबरासाठी चालवली तर हट्ट, हे मला कधीच पटलेलं नाही.

पहिली शर्यत टाइम ट्रायलची निवडा. त्यात एकेकीला ठरावीक अंतरानं सोडतात आणि दुसरीच्या चाकामागे आडोशाला राहायला परवानगीच नसते, म्हणजे पाठीवर नंबर लागतो पण भोवती गर्दी नसते. लांब पल्ल्याची ओढ असेल तर नाशिकची २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी, आहे. तिला साडेतेरा तास मिळतात, चहा-नाश्त्याचे थांबे धरूनही ताशी १५ किलोमीटरला थोडं कमीच पडतं, आणि क्रमांक कुणालाच देत नाहीत. ती त्या मैत्रिणीबरोबर करा. घोळक्यातली शर्यत त्यानंतर, हात मोकळे झाल्यावर. एखादा मोसम उशीर झाला तरी चालेल.

घरचं राहिलं. सासूबाईंशी वाद घालू नका. तुमचा हात डोक्यापर्यंत जात नव्हता तेव्हा रोज सकाळी तुमच्या केसांत बोटं घालून वेणी घालणारी ही बाई आहे. तुमचं दुखणं तिनं जितकं जवळून पाहिलं तितकं नवऱ्यानंही पाहिलं नसेल. तिचं 'बस कर' म्हणजे मनाई नाही, तिला ते दिवस पुन्हा नकोत. तिच्याशेजारी बसून विचारा, आई, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? ट्रकची, एकटीनं जाण्याची, की पुन्हा दवाखान्याची? उत्तरावर मार्ग निघतो. कुठल्या रस्त्यानं जाते, किती वाजता येते, सोबत कोण आहे, हे निघताना त्यांना सांगून जा, फोनवर लोकेशन चालू ठेवा. त्या लगेच राजी होतील असं नाही. पण भीती बोलून दाखवायला त्यांना जागा मिळेल.

नवऱ्याला मात्र गप्प राहू देऊ नका. न बोलणं हेही एक मत असतं आणि ते तुम्हाला रोज ओढून धरतंय. त्यांना सरळ विचारा की मी पुन्हा शर्यतीत उतरावं असं तुम्हाला वाटतं का, आणि उत्तर येईपर्यंत समोरून उठू नका.

मुलीला खोटं आश्वासन देऊ नका. पुन्हा पडशील का, याचं खरं उत्तर 'पडू शकते' हेच आहे. तिला ते सांगा, आणि न पडण्यासाठी काय शिकतेय ते दाखवायला मैदानावर घेऊन जा. तिची सायकलही सोबत घ्या.

मैत्रिणीला फोन आज संध्याकाळीच करा. पहिलं वाक्य अवघड जाईल, म्हणून लिहून देते : "शेळी आली होती गं, तुझा काय दोष? रविवारी मैदानावर येशील?"