वाचकांचे प्रश्न : एकाची गुणगुण, सगळ्यांचे कान

प्रश्न : आम्ही सहा जण एकाच खोलीत बसून काम करतो. आमच्यातील एक सहकारी स्वभावाने मनमिळाऊ आणि कामाला चोख आहेत. परंतु काम करताना ते सतत एकच गाणे, तेही मुखड्याच्या केवळ दोन ओळी, गुणगुणत असतात. दुपारपर्यंत तीच चाल माझ्या डोक्यात घोळू लागते आणि घरी गेल्यावरही पिच्छा सोडत नाही. दोघांना याचे काहीच वाटत नाही, तर एक सहकारी इतक्या वैतागल्या आहेत की त्यांनी जागा बदलून मागितली आहे. ‘एवढेही सहन होत नसेल तर चार माणसांत कसे राहणार,’ असे त्यांना ऐकवले जाते. सहन नेमके कोणी करायचे?

उत्तर : ‘जरा सांभाळून घ्या’ हा सल्ला गटात बहुतेक वेळा ज्याला त्रास होतो त्यालाच दिला जातो, आणि तो देणाऱ्याला स्वतःला काहीच सोसावे लागत नसते. म्हणून आपला शेवटचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. मात्र कोणी किती सोसावे हे ठरवण्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांना काय होत असावे, ते समजून घेतले पाहिजे.

आपले गुणगुणणारे सहकारी हे बहुधा नकळत करत असावेत. मनात आपोआप गाणे सुरू होणे ही फार सर्वसामान्य गोष्ट आहे. फिनलंडमध्ये इंटरनेट वापरणाऱ्या १२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील सुमारे ९० टक्के लोकांनी आठवड्यातून निदान एकदा तरी असे होत असल्याचे सांगितले होते. २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांच्या मेंदूचे चित्रण चालू असताना त्यांना गाणी ऐकवण्यात आली आणि त्या गाण्यांतील मधले काही तुकडे मुद्दाम मुके ठेवण्यात आले. गाणे ओळखीचे असेल, तर त्या शांततेतही मेंदूचा ऐकण्याशी संबंधित भाग अधिक सक्रिय राहिला आणि ऐकणाऱ्यांना गाणे पुढे चालूच असल्यासारखे वाटले. ओळखीची चाल पुढे नेण्यासाठी मनाला बाहेरच्या आवाजाची गरज लागत नाही. आपल्या सहकाऱ्यांच्या मनात चाललेल्या गाण्याचा थोडासा भाग तेवढा ओठांवर येतो, आणि कित्येकदा तो आल्याचे त्यांच्या ध्यानातही येत नसेल.

दुसरीकडे, वैतागलेल्या सहकारी उगाच नखरे करत आहेत असे समजणेही तितकेच चुकीचे ठरेल. घास चावणे, नाक ओढणे, पेनाचे बटण पुन्हा पुन्हा दाबणे, गुणगुणणे अशा ठरावीक आणि सतत होणाऱ्या आवाजांनी काही माणसांना अतिशय तीव्र अस्वस्थता येते. या स्थितीला २००१ सालापासून मिसोफोनिया या नावाने ओळखले जाते. त्यांना तसे काही आहे की नाही हे पत्रावरून सांगता येणार नाही आणि गटानेही ते ठरवायला जाऊ नये. परंतु एकाच्या कानाला जे जाणवतही नाही ते दुसऱ्याला असह्य होऊ शकते, एवढे तरी सर्वांनी मान्य करावे.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली आपल्या प्रयोगांचे जे निष्कर्ष मांडले, त्यांतील एक येथे थेट उपयोगी पडतो. त्यांनी लोकांना काम करताना मोठा आणि अनियमित गोंगाट ऐकवला. काहींजवळ एक बटण दिले आणि सांगितले, की हे दाबल्यास आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबले नाही, म्हणजे गोंगाट सर्वांनी सारखाच ऐकला. तरीही त्यानंतर दिलेल्या कामांत बटण असलेल्यांच्या हातून चुका कमी झाल्या आणि अवघड कोडी सोडवताना त्यांनी अधिक चिकाटी दाखवली. आवाज थांबवणे आपल्या हाती आहे, या जाणिवेनेच त्याचा ताण हलका झाला होता. आपल्या वैतागलेल्या सहकाऱ्यांजवळ आज असे काहीही नाही. थांबवण्याची सोय नाही, उलट तक्रार केली म्हणून बोलणी खावी लागतात. माझ्या मते त्यांचा अर्धा त्रास गाण्याचा असेल आणि अर्धा या असहायतेचा.

आता सहन कोणी करायचे? कोणते गाणे आवडावे आणि काम करताना मनात काय चालावे, हे ज्याचे त्याचे आहे. तिथे गटाने नाक खुपसू नये. सहा जणांच्या कानांवर जे पडते ते मात्र सहा जणांचे असते, आणि त्याबद्दल बोलण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. हे बोलणे एकाच व्यक्तीने, शक्यतो आपणच, एकांतात करावे. पाच जणांनी मिळून सांगितले की त्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटते. ‘तुम्हाला सतत गुणगुणायची सवयच आहे’ असे म्हटल्यास ते स्वतःचा बचाव करू लागतील. त्याऐवजी, ‘दुपारी आकडे तपासताना ती चाल माझ्या डोक्यात बसते आणि बेरीज चुकते, मी हात वर केला तर थोडा वेळ थांबाल का?’ असे विचारावे. हात वर करण्याची ही मुभा सर्वांना असावी. माझा अंदाज आहे की ती फारशी वापरावी लागणार नाही. ती आहे एवढ्यानेच खोलीतील ताण बराच सैल होईल. एवढे करूनही वैतागलेल्या सहकाऱ्यांना जागा बदलून हवी असेल, तर ती द्यावी आणि त्यांनी गट सोडला असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

प्रश्न : माझ्या डोक्यात नेहमी मला न आवडणारीच गाणी का अडकतात? आणि नावडते गाणे वारंवार ऐकले की हळूहळू आवडू लागते, असे माझे मित्र म्हणतात, ते खरे आहे का?

उत्तर : अभ्यासांतून दिसणारे चित्र आपल्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. डोक्यात घोळणारी बहुतेक गाणी माणसाच्या चांगल्या परिचयाची आणि त्याला आवडणारीच असतात, असे लोकांनी केलेल्या नोंदींवरून आढळले आहे. आवडते गाणे मनात चालू असते तेव्हा आपण त्याच्याकडे तक्रार म्हणून पाहत नाही, म्हणून ते लक्षात राहत नाही. नावडते गाणे मात्र प्रत्येक फेरीला खटकते आणि स्मरणात तेवढेच उरते, असे मला वाटते.

गाणे अडकण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे ते नुकतेच किंवा वारंवार कानांवर पडलेले असणे. कधी एखादा शब्द, जागा किंवा माणूस पाहून ते आठवते. मन रिकामे असताना, म्हणजे चालताना, भांडी घासताना किंवा कंटाळवाणे काम करताना, त्याला वाव मिळतो. पण काम फार अवघड होऊन मन भरकटू लागले, तरीही ते शिरते. चालीची घडणही महत्त्वाची असते. ब्रिटनमधील संशोधकांनी सुमारे ३ हजार लोकांकडून अडकणाऱ्या गाण्यांची नावे मिळवून त्यांच्या चाली तपासल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार अशा गाण्यांची लय तुलनेने जलद असते, स्वरांची चढउतार सर्वसाधारणपणे ओळखीच्या वळणाची असते आणि तरीही मध्येच एखादी अनपेक्षित झेप किंवा नेहमीपेक्षा अधिक वेळा परतणारा स्वर असतो. म्हणजे चाल गळ्यावर सहज बसावी इतकी सोपी हवी आणि तरी तिच्यात मनाला अडखळवणारे काहीतरी हवे. असे असूनही वेगवेगळ्या माणसांनी दिलेल्या याद्या पाहिल्या तर त्यांत एकच गाणे पुन्हा पुन्हा क्वचितच येते. प्रत्येकाच्या डोक्यातील गाणे बरेचसे त्याचे स्वतःचे असते.

आपल्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले, की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही तिच्याविषयी ओढ वाढू शकते. पण जी गोष्ट सुरुवातीपासूनच नकोशी वाटते, तिच्या बाबतीत हा नियम भरवशाचा नाही. उलट नावड पक्कीही होऊ शकते. म्हणून ‘ऐकून ऐकून आवडेल’ असे सांगत कोणावर गाणे लादू नये, आणि आपल्यावर ते कोणी लादत असेल तर आपण स्पष्टपणे नाही म्हणावे.

प्रश्न : अडकलेले गाणे घालवण्याचा खात्रीचा उपाय सांगाल का?

उत्तर : खात्रीचा उपाय नाही, पण काय करू नये हे नक्की सांगता येते. ‘हे गाणे आता मनात येऊ द्यायचे नाही’ असा निश्चय करू नये. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्या लोकांना तो विचार टाळता तर आलाच नाही. पुढे विचार करण्याची मुभा मिळाल्यावर तो त्यांच्या मनात अधिकच येऊ लागला, हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली केलेल्या प्रयोगातून दिसले आहे.

त्यापेक्षा मनातील शब्दांची जागा दुसऱ्या शब्दांनी भरावी. वाचन, बेताच्या अवघडपणाचे शब्दकोडे किंवा कोणाशी तरी गप्पा, यांचा उपयोग होतो. कोडे फार सोपे किंवा फार कठीण असेल तर गाणे परत येते. गाणे मनात म्हणताना आपण बोलण्याचे अवयव जणू मूकपणे वापरत असतो, त्यामुळे च्युइंगगम चघळल्यानेही ते कमी वेळा आठवते, असे इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांना २०१५ साली आढळले. काहींना उलटा मार्ग लागू पडतो : गाणे मुखड्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत एकदा नीट ऐकून टाकणे. दोन्ही करून पाहावेत. गाणे दिवसचे दिवस थांबत नसेल आणि त्यामुळे झोप किंवा काम बिघडत असेल, किंवा ते मनात नसून बाहेरून ऐकू येत आहे असे वाटत असेल, तर मात्र डॉक्टरांना अवश्य भेटावे; बाहेरून संगीत ऐकू येण्यामागे अनेकदा ऐकण्याची क्षमता कमी होणे हे कारण असते.

प्रश्न : आमचा समूहगानाचा गट आहे. गाणी निवडताना ‘संथ गाणीवाले’ आणि ‘उडत्या चालीवाले’ असे दोन तट पडतात. सध्या उडत्या चालीचा पक्ष मोठा आहे आणि उघडपणे विरोध करणारी मी एकटीच उरले आहे. तालमीतील नकोसे गाणे आठवडाभर माझ्या डोक्यात फिरते ते वेगळेच. एकी टिकावी म्हणून मी गप्प बसावे का?

उत्तर : गप्प बसू नये. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे जे प्रसिद्ध प्रयोग केले, त्यांत गटातील इतर सर्वांनी एकमुखाने उघडउघड चुकीचे उत्तर दिले की एकटा पडलेला माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे जात असे. पण दुसऱ्या एकानेही खरे उत्तर दिले, तर हे मागे जाणे एकदम घटत असे. आपण एकट्या आहात असे आपल्याला दिसते. आपल्या बोलण्याची वाट पाहणारे आणखी दोघेतिघे गटात असण्याची शक्यता मला मोठी वाटते. शिवाय शार्लन नेमेथ यांच्या संशोधनातून असे पुढे आले आहे, की वेगळे मत मांडणारा चुकीचा असला तरी त्याच्यामुळे बाकीचे अधिक बाजूंनी विचार करू लागतात.

तट पडण्याबद्दल आपण फार मनाला लावून घेऊ नये, पण त्यांना नावे मात्र चिकटू देऊ नयेत. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांना दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात यावरून गटांत विभागल्याचे सांगितले. खरे तर ती विभागणी कशीही, चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली होती. तरीही पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि कित्येकदा आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावे, असा पर्याय निवडला. आवडीनिवडीच्या नावाने पडलेली फूट इतकी पोकळ असू शकते. ‘अमुकवाले’ हा शब्द गटाने वापरणेच बंद करावे आणि तालमीच्या वेळी दोन्ही आवडींची माणसे शेजारीशेजारी उभी करावीत.

गाण्यांची निवड दर वेळी मतदानाने केल्यास अल्पसंख्य कायम हरत राहतील, तेव्हा पाळी लावावी : प्रत्येक सभासदाने एकेक गाणे सुचवावे आणि ते बाकीच्यांनी मनापासून गावे. आपणही इतरांची पाळी तितक्याच मनाने निभवावी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात गायन, हस्तकला आणि लेखन यांच्या नव्या वर्गांची तुलना करण्यात आली. गायनाच्या वर्गातील अनोळखी माणसे सुरुवातीला इतरांपेक्षा लवकर एकमेकांच्या जवळ आली. काही महिन्यांनी बाकीच्या वर्गांतही तेवढीच जवळीक निर्माण झाली. एकत्र गाण्याने ओळख लवकर होते, पण नंतर ती टिकवण्याचे काम माणसांनाच करावे लागते.

राहिला आठवडाभर डोक्यात फिरणाऱ्या गाण्याचा प्रश्न. जे शेवटी आणि वारंवार म्हटले जाते तेच बहुधा घरापर्यंत सोबत येते, हे ध्यानात घेऊन तालमीचा शेवट दर वेळी वेगळ्या गाण्याने करावा, असे आपण सुचवून पाहावे. निदान एक आठवडाआड तरी आपले संथ गाणे उडत्या चाली आवडणाऱ्यांच्या डोक्यात जाईल.